आल्फ्रेड बिने आणि बालबुद्धीचे मोजमाप

आल्फ्रेड बिने ह्यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी आजच्या फ्रान्समधील नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील विभक्त झाले आणि मुलाचा सांभाळ आईने केला. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली, पण वकिलीत मन रमले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्र स्वतःच वाचू लागले. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या अभ्यासकांना हा तपशील जवळचा वाटेल.

पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को ह्यांच्या हाताखाली त्यांनी संमोहनाचे प्रयोग केले. लोहचुंबकाच्या प्रभावाने संमोहित रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, असा निष्कर्ष त्यांनी व सहकारी फेरे ह्यांनी मांडला. प्रत्यक्षात प्रयोगाची चर्चा रुग्णासमोरच होत असे आणि रुग्ण अपेक्षित तेच करीत असे; बेल्जियमचे देल्बोफ ह्यांनी हे उघड केले. बिने ह्यांना माघार घ्यावी लागली. ही नामुष्की वाया गेली नाही. पुढे शाळकरी मुलांच्या डोक्यांची मापे घेताना हुशार व मागे पडलेल्या मुलांत अत्यल्प फरक दिसला, तेव्हा पूर्वग्रहामुळे आपलाच हात झुकत असावा ही शंका त्यांनी स्वतःहून नोंदवली.

त्यांची खरी प्रयोगशाळा घरातच होती. मादलेन आणि आलिस ह्या दोन मुली वाढत असताना ते त्यांचे निरीक्षण करीत. चालायला शिकताना मादलेन जवळचा आधार पाहून जपून पाऊल टाकी. आलिस हसत, धडपडत थेट खोलीच्या मध्यभागी जाई. एकाच घरातल्या मुलींच्या मनाची घडण इतकी निराळी होती. बुद्धी ही एकाच मापाने मोजता येईल अशी वस्तू नव्हे, हे त्यांचे मत ह्या निरीक्षणांतून दृढ झाले असावे.

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचे काय करावे, हे ठरवण्यासाठी १९०४ मध्ये शासनाने आयोग नेमला. त्यात बिने होते. त्रासदायक मुलाला वर्गाबाहेर काढण्याची पळवाट शिक्षकांना मिळू नये, ही त्यांची चिंता होती. तेओदोर सिमों ह्यांच्या साहाय्याने त्यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची श्रेणी तयार केली. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले : तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, चार वर्षांच्याने दोन रेषांतली लांब रेषा ओळखावी, पाच वर्षांच्याने चौकोन पाहून काढावा. परीक्षकाने मुलाला धीर द्यावा, भेदरवू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. मागे पडलेल्यांसाठी त्यांनी खास वर्गही चालवले. तेथे पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याच्या खेळातून मुलांचे अवधान वाढवले जाई. बुद्धी वाढू शकते, ह्यावर त्या साऱ्या उद्योगाची भिस्त होती.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लगेच पुढच्या वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न ह्यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली. १९१६ मध्ये अमेरिकेतील टर्मन ह्यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. १९२१ पासून ते ह्याच साधनाने कॅलिफोर्नियातील असामान्य मुले हुडकू लागले. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेत लीटा हॉलिंगवर्थ ह्यांच्या देखरेखीखाली अशा मुलांचा स्वतंत्र वर्ग भरला. मागे राहिलेल्यांना हात देण्यासाठी घडवलेले साधन पुढे असलेल्यांना निवडण्याची चाळणी झाले. त्या निवडीलाही काही अर्थ होता, हे नाकारता येत नाही. कंटाळलेले बुद्धिमान मूलही वर्गात एकटेच असते. पण चाळणी हळूहळू बालवाडीच्या दारापर्यंत आली. एकविसाव्या शतकात न्यूयॉर्क शहरात चार वर्षांची मुले खास वर्गांच्या प्रवेशासाठी परीक्षेला बसत, आणि ऐपत असलेले पालक त्यांची शिकवणी लावत. ह्या कसोट्या बिने ह्यांच्या नव्हत्या. पण चार वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारून त्याची पायरी ठरवण्याची रीत त्यांच्या श्रेणीपासूनच सुरू झालेली आहे.

मराठीतही ही श्रेणी आली : धारवाडचे डॉ. वि. वि. कामत ह्यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर केले. सिमों १९६१ पर्यंत हयात होते. बुद्ध्यंक म्हणजे मूळ हेतूशी प्रतारणा होय, असे त्यांचे अखेरपर्यंत मत होते.