कीटकांच्या पंखांतून प्राचीन जलाशय वाचणारे हिस्लॉप

लाखनी : नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव विदर्भात सर्वपरिचित आहे. मात्र ज्यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप कीटकांच्या अवशेषांवरूनही प्राचीन पाण्याचा माग काढणारे संशोधक होते, हे फारसे कुणाला ठाऊक नाही.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. १८४६ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली. अध्यापनातून उरलेला वेळ ते सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत खडकांच्या अभ्यासास देत. १८५१ पासून नागपूरनजीक टाकळी परिसरात लाव्हाच्या दोन थरांमधील गाळात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया आणि भुंगेऱ्यांचे कठीण पंख सापडत गेले.

शंखांनी तेथे समुद्र नसून तळे होते, हे सिद्ध केले. पंखांची तपासणी अँड्र्यू मरे यांनी करून १८६० मध्ये ती प्रसिद्ध केली. लाकूड व वनस्पतींवर जगणाऱ्या कुळांतील हे कीटक तळ्याकाठच्या झाडीची साक्ष देत होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या शांत काळात येथे पाणी साचले, जीवसृष्टी बहरली आणि पुढच्या प्रवाहाखाली गाडली गेली, असे आज मानले जाते.

पाण्याचा इतिहास उलगडणाऱ्या या अभ्यासकाचा अंतही पाण्यातच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेला नाला ओलांडत असता ते बुडाले. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. गोंड समाजाविषयी त्यांनी जमवलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

लाखनी परिसरातील खडक लाव्हाहून कितीतरी प्राचीन असल्याने तेथे असे पंख सापडणे नाही. परंतु कीटकांवरून पाणी ओळखण्याची रीत जिवंत नदीलाही लागू पडते. तालुक्यातून वाहणाऱ्या चुलबंद नदीसारख्या प्रवाहात दगड उलटून पाहिल्यास ती कळते. मेफ्लायची पिल्ले सहसा स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यातच तग धरतात. सांडपाण्याने प्राणवायू घटला की ती नाहीशी होतात आणि चिखलात लाल अळ्या माजतात. बाटलीतील नमुना त्या दिवसापुरते सांगतो, तर महिनोन्‌महिने पाण्यात राहणारे कीटक मागील काळाचाही हिशेब देतात.

टाकळीचे तळे लाव्हाने बुजवले, तो निसर्गाचा कोप होता. आजच्या नद्यांवरील संकट मात्र मानवनिर्मित आहे. त्यांतील कीटक खडकात शोधण्याची वेळ येण्याआधीच दगडाखालची ही साक्ष वाचली जाणे अगत्याचे आहे.