रानमेव्याचा हिशेब मांडणारे जोतीराव

केळझर (जि. वर्धा) - नागपूर-वर्धा मार्गावरचे केळझर टेकडीवरील गणपतीमुळे सर्वदूर परिचित आहे. याच सेलू तालुक्यात बोरचे जंगल आहे. हिवाळ्यात बोरे, उन्हाळ्यात मोहफुले, चार आणि टेंभरे, मृगाच्या तोंडावर जांभळे असा विदर्भातील रानाचा क्रम असतो. शहरातील बाजारात टोपलीतून येणाऱ्या या फळांना रानमेवा म्हणतात. ज्याच्या घरी दाणा नाही, त्याच्यासाठी मात्र हा मेवा नसून जेवण असते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ही गोष्ट मराठीत रोखठोकपणे लिहून ठेवणारे लेखक म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीरावांच्या अगदी बालपणीच निवर्तल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. पुढे शेजारच्या सुज्ञ मंडळींनी आग्रह धरल्याने १८४१ साली त्याचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात हातात आलेले खुरपे जोतीरावांच्या लेखणीला अखेरपर्यंत सोडून गेले नाही.

१८४८ साली सावित्रीबाईंसह मुलींची शाळा, १८७३ साली ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज, हा त्यांच्या कार्याचा आलेख सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने त्यांचे शेतीविषयक चिंतन कमी वाचले जाते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. जोतीरावांनी धनकवडी येथे मुलांसाठी आश्रम उघडला. त्याला नाव दिले होते महाराणी व्हिक्टोरियाचे. पिके बुडाल्यावर कुणबी कशावर तग धरतो आणि तोही आधार तुटला म्हणजे त्याचे काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले.

हा आधार होता रानाचा. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी त्याचा तपशील दिला आहे. ज्यांची जमीन थोडी, ते शेतकरी जवळच्या डोंगरदऱ्यांतील उंबर, जांभूळ अशी फळे खाऊन दिवस काढीत. पळस व मोहाची पाने-फुले आणि लाकूडफाटा विकून चार पैसे मिळवीत. गावच्या गायरानावर एखाद-दुसरी गाय आणि दोन-चार शेळ्या सांभाळीत. सरकारने जंगलखाते उभे केले आणि डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी व गायराने त्यात ओढून घेतली. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी सरकारचा ताबा पक्का केला. शेळ्यांना रानातला वाराही मिळेनासा झाला, असा जोतीरावांच्या तक्रारीचा आशय होता.

त्याच सुमारास महाराणीच्या मायदेशात, इंग्लंडच्या खेड्यांत, शेताच्या कुंपणांवर ब्लॅकबेरीची काळी फळे पिकत. गरिबांची मुले ती वेचून आणीत. घरात त्यांचा मुरंबा होई. तिथल्या लेखकांनी आणि चित्रकारांनी हे दृश्य मोठ्या जिव्हाळ्याने रंगविले. जोतीरावांच्या लेखनात जांभूळ येते ते असे आठवणींत रंगून येत नाही. फळ, सरपण, चारा आणि सावकाराचे कर्ज ही एकाच हिशेबाची कलमे आहेत, हे ते दाखवून देतात. रान बंद झाले की घरातली तूट सावकाराकडूनच भरून काढावी लागते.

मात्र ते केवळ गाऱ्हाणे मांडून थांबले नाहीत. गायराने पूर्ववत गावांना परत द्यावीत, त्यातून सरपण आणि शेणखत नेऊ द्यावे, पण विक्रीसाठी वा इमारतीसाठी झाडे तोडण्यास मनाई असावी, अशी व्यवस्था त्यांनी सुचविली. डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर शेतात यावा आणि पाणी जमिनीत मुरावे, यासाठी ताली व बंधारे बांधण्याचा आग्रह धरला. रान राखणे आणि रानावर जगणे यांत त्यांना विरोध दिसत नव्हता.

हे विचार छापणे सोपे नव्हते. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक चळवळीचेच पत्र. पण ‘असूड’चे पहिले दोन भाग छापल्यानंतर पुढील मजकूर छापण्यास तेही धजावले नाही. जोतीरावांनी त्याबद्दल आपली नाराजी लपविली नाही.

१८८८ साली पुण्यात महाराणींचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी झाली. दागदागिन्यांनी मढलेल्या निमंत्रितांत जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले. देश पाहायचा असेल तर खेड्यांत जा, हे येथे जमलेले लोक म्हणजे देश नव्हे, अशा अर्थाचे त्यांनी राजपुत्राला सुनावले. त्याच वर्षी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघातानेही गाठले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी मांडलेला हिशेब पुढे दीर्घकाळ अनिर्णित राहिला. बोरच्या जंगलाला १९७० साली अभयारण्याचा आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वन्यजीवांना संरक्षण लाभले. अभयारण्य म्हटले की वनोपज काढण्यावर बंधनेही येतातच. पारंपरिक वनवासींचा गौण वनोपजावरील मालकी हक्क देशाच्या कायद्याने मान्य केला तो २००६ साली. ‘असूड’ लिहून झाला, त्याला तोवर १२३ वर्षे उलटली होती.