कोतवाल : किल्ल्याच्या राखणदाराचे आडनाव आणि सिद्धगडचा हुतात्मा

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला बिलगून सिद्धगड उभा आहे. मागे भीमाशंकरचे अभयारण्य, शेजारी गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, खाली दाट रान. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे याच रानात ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी एका तीस वर्षांच्या वकिलाला गोळ्या घालून ठार केले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना भाई कोतवाल म्हणून ओळखतो. कोतवाल या शब्दाचा मूळ अर्थ किल्ल्याचा राखणदार, आणि हे नाव धारण करणारा माणूस सरकारचा फरारी म्हणून किल्ल्याच्या आश्रयाला आला होता.

कोट म्हणजे तटबंदी, किल्ला. अक्कलकोट, राजकोट या गावांच्या नावांत तो आहे. मुंबईच्या जुन्या तटबंदीच्या आतल्या भागालाही मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या कोटच म्हणत आला. या कोटाचे पालन करणारा तो संस्कृतातील कोट्टपाल. बोलीतून झिजत झिजत त्याचा कोतवाल झाला आणि तेथून तो फारसी दफ्तरांतही गेला. मोगल अमदानीत कोतवाल हा शहराचा कारभारी बनला होता. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याच्या कर्तव्यांचे तपशीलवार वर्णन आढळते. रात्रीची गस्त, घरांची नोंद, परगावाहून येणाऱ्यांवर नजर, बाजारातील वजने-मापे, चोरांचा तपास, असा तो व्याप होता. चोरीचा माल सापडला नाही, तर त्याचा जाबही कोतवालालाच द्यावा लागे. आजच्या पोलिस आयुक्तांनाही हेवा आणि धास्ती एकाच वेळी वाटावी, असेच हे पद होते.

पेशवाईतील पुण्यात या पदाला काळा डाग लागला तो घाशीराम कोतवालामुळे. नाना फडणवीसांच्या कारकिर्दीत त्याने शहरावर जरब बसवली, आणि १७९१ मध्ये कोंडून घातलेल्या ब्राह्मणांच्या मृत्यूनंतर संतप्त जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आल्यापासून तर मराठी मनात कोतवाल म्हटले की आधी घाशीरामच उभा राहतो. पुण्याच्या बुधवार पेठेतील कोतवाल चावडीने ते पद स्थळनामात जपले. लोकांनी मात्र या शब्दाचा चांगला अर्थही सांभाळला. काशीचा कोतवाल म्हणून काळभैरवाला मान आहे. शेताच्या बांधावर, तारांवर बसणाऱ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या काळ्या पक्ष्यालाही मराठीत कोतवाल म्हणतात. आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारींवर तो बेधडक तुटून पडतो, आणि म्हणून इतर लहान पक्षी त्याच्या आसपास घरटी बांधतात.

पद गेले तरी नाव मागे राहते, हा आडनावांचा जगभरचा शिरस्ता आहे. जर्मनीतील शुल्झ हे अत्यंत प्रचलित आडनाव गावच्या मुख्याच्या पदावरून आले. आपल्याकडील पाटलाचाच तो सोयरा म्हणायचा. कुलकर्णी, देशमुख, चिटणीस, किल्लेदार, मुजुमदार ही त्याच जातकुळीतील नावे. त्यांतील कुलकर्णी ऐकले की बहुतेकांच्या मनात लगेच जातीचा अंदाज उभा राहतो. कोतवाल या आडनावाने मात्र तशी मिरास होऊ दिली नाही. ते पारशांत आहे, जम्मूच्या डोंगराळ भागात आहे, महाराष्ट्रात तर अनेक समाजांत आहे. एके काळी शहरावर हुकूमत गाजवणारा हा शब्द पुढे खेड्यात तलाठ्याच्या हाताखाली दवंडी देणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या गरीब सेवकालाही चिकटला. इतका चढ-उतार फार थोड्या पदनामांच्या वाट्याला आला असेल.

भाई कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत १८५० मध्ये आलेले हे थंड हवेचे ठिकाण तोवर गोऱ्या साहेबांचे आणि मुंबईच्या धनिकांचे विश्रामस्थान बनले होते. त्यांच्या सेवेवर जगणाऱ्या कष्टकऱ्यांची वस्ती मात्र वेगळी होती, आणि कोतवालांचे घर त्या वस्तीतले. हुशार मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला, पुढे वकील झाला. वकिलीच्या बळावर त्यांना शहरात स्थिरावता आले असते. ते परतले माथेरानला. तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

त्यांचा खरा जीव रमला तो डोंगराखालच्या कर्जत तालुक्यात. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील हा भातशेतीचा मुलूख. कुळे आणि आदिवासी पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराच्या दारी जात आणि सुगीला सवाई-दिढीने भात मोजून देत. घेतलेल्या मणाचा दीड मण होई, आणि पुढच्या आषाढात कोठी पुन्हा रिकामी. कोतवालांनी या कुळांची वकिली केली, गावोगाव शाळा सुरू केल्या आणि शेतकऱ्यांच्या धान्यकोठ्या उभारल्या. अडल्या वेळी या कोठीतून भात घ्यावे, पिकल्यावर परत करावे, अशी साधी व्यवस्था होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. टंचाईच्या त्या दिवसांत या कोठ्यांचे मोल गावांना चांगलेच उमगले. पुढे भूमिगतांना याच गावांनी भाकरी दिली, हे त्या आधीच्या कामाचेच फळ होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली. कोतवालांवरही वॉरंट निघाले. ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. त्यात शेतकरी होते, शिक्षक होते, मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी, असे बापलेकही होते. दस्त्याने निवडलेले लक्ष्य विचारपूर्वक होते. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईला जात असे. गिरण्या त्या विजेवर चालत, १९२५ पासून मुंबईत विजेची रेल्वेही धावत होती. युद्धकाळात सरकारची नाडी या तारांतून वाहत होती, आणि ते मनोरे उभे होते कर्जतच्या शेतांत आणि रानांत. रात्रीच्या अंधारात करवतीच्या पात्यांनी मनोऱ्यांचे पाय कापायचे आणि ते आडवे करायचे, ही दस्त्याची पद्धत. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात असे अकरा मनोरे कोसळले. मुंबईतील कारखाने आणि रेल्वे यांना त्याची झळ बसली.

सरकारने मनोऱ्यांवर पहारे बसवले, कोतवालांना पकडून देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर केले, गावकऱ्यांवर जुलूम केला. पाठलाग चुकवीत दस्ता मुरबाडच्या बाजूला सरकला आणि सिद्धगडच्या रानात त्याने तळ दिला. कोट आता मोडकळीला आलेला होता, पण त्याचे रान शाबूत होते. अखेर फितुरीने तळाचा ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोचला. हॉल या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली सशस्त्र तुकडीने पहाटेच वेढा घातला. हिराजी पाटील गोळी लागून पडले. कोतवाल जखमी झाले आणि त्यांना जवळून गोळी घालण्यात आली. खटला नाही, शिक्षा नाही. आयुष्यभर कायद्याच्या मार्गाने कुळांची बाजू मांडणाऱ्या वकिलाला न्यायालयात उभे राहण्याची संधीही मिळाली नाही.

त्यानंतर कोतवाल या आडनावाला लागलेले विशेषण बदलले. दादरला प्लाझा चित्रपटगृहाजवळचे वीर कोतवाल उद्यान रोज हजारो मुंबईकरांच्या वाटेवर आहे. संध्याकाळी त्याच्या कट्ट्याजवळून लोकल पकडायला धावणाऱ्या अनेकांना हे वीर कोण, हे ठाऊक नसते. तिथली लोकल मात्र त्याच विजेवर धावत आली, जिचे मनोरे एके काळी त्यांनी पाडले होते. २०२० मध्ये त्यांच्या जीवनावर ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपटही आला.

सिद्धगडच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे स्मारक आहे. दरवर्षी २ जानेवारीला, जानेवारीच्या थंडीत, मुरबाड आणि कर्जतच्या गावांतून माणसे अंधारातच निघतात आणि उजाडण्याच्या सुमारास तेथे दोघांना मानवंदना देतात.