समान वेतनाचे पुरस्कर्ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका म्हटली की तीत बाबासाहेबांच्या जीवनावर लेख असतोच. चवदार तळ्याचे सेनानी, घटनेचे शिल्पकार, धम्मक्रांतीचे प्रवर्तक ही त्यांची रूपं आपल्या लहान लेकरांनाही ठाऊक आहेत. परंतु आपल्या वस्तीतलं प्रत्येक घर कुणाच्या तरी पगारावर चालतं. कुणी कारखान्यात आहे, कुणी कंत्राटदाराकडे झाडू मारतं, कुणी चार घरची धुणीभांडी करतं. एकाच कामाला एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी दाम का, हा प्रश्न आपल्या चुलीशी बसलेला आहे. बाबासाहेबांनी हा प्रश्न आयुष्यभर लढवला. म्हणून यंदा त्यांचं जीवन आम्ही याच अंगाने मांडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ आणि माता भीमाबाई यांच्या पोटी या महामानवाचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आलं. आजूबाजूला सगळी गिरणी कामगारांची वस्ती. भोंगा वाजला की उठणारी आणि पगाराच्या दिवशी सावकाराला चुकवणारी माणसं बाबासाहेबांनी लहानपणापासून पाहिली. कोलंबिया आणि लंडन येथे त्यांनी अर्थशास्त्रातल्या मोठमोठ्या पदव्या मिळवल्या, तरी परत आल्यावर ते राहिले परळच्या बी.आय.टी. चाळीतच.

पगार आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्वतः भोगलं. १९१७ साली बडोदा संस्थानात अधिकारी असताना हाताखालचे शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकायचे. राहायला खोली मिळेना, शेवटी नोकरी सोडून मुंबईला यावं लागलं. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर पाण्याच्या भांड्यावरून सहकारी प्राध्यापकांनी कुरकुर केली. एवढ्या शिकलेल्या माणसाची ही गत, तर गिरणीतल्या अडाणी कामगाराची काय असेल?

मुंबईच्या गिरण्यांमध्ये त्या काळी हजारो अस्पृश्य कामगार होते. पण ते बहुतेक सूत कातण्याच्या खात्यात. कापड विणण्याच्या खात्यात, म्हणजे साच्यावर, त्यांना मज्जाव होता. जास्त मजुरी मात्र विणकराला मिळे. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणत. मालकाच्या वहीत जातीप्रमाणे वेगळा दर लिहिलेला नव्हता. तरीही महिन्याच्या शेवटी घरी येणारा पैसा जातीप्रमाणे कमी-जास्त होत होता.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पगारातला अन्याय नेहमी पगाराच्या कागदावर दिसतोच असं नाही. चांगल्या दामाच्या कामाचं दार कुणाला उघडं आणि कुणाला बंद, तिथेच तो आधी होऊन जातो. बाबासाहेबांनी नेमकं या दारावर बोट ठेवलं. १९२८ साली गिरण्यांचा प्रचंड संप झाला, तो सुमारे सहा महिने चालला. संपाच्या मागण्यांत विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी घाला, नाहीतर आमचे लोक तुमच्या संपात का येतील, असा रोखठोक सवाल त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना केला. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली. मागणी पुढे आली तेव्हा मालकांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मालक आणि कामगार एकमेकांकडे बोट दाखवणार आणि दार बंदच राहणार!

त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाचं बिल मांडलं. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीची ही कामं केलेली आहेत. रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोचवायचं, साहेबांच्या पुढे धावायचं, पडेल ते काम करायचं, घरातला कर्ता आजारी असला तर बाई किंवा पोर पाठवायचं. त्याबदली तुकडाभर इनाम जमीन, बलुतं आणि नावापुरती रोकड. काम सरकारचं, पण दाम गावाच्या मर्जीवर! कामाची हद्द ठरवा आणि दाम रोख द्या, हे बाबासाहेबांचं सांगणं होतं. निवड समितीत बिलाचा जीव काढून घेतल्यावर १९२९ साली त्यांनी ते मागे घेतलं. ही वतनं कायद्याने गेली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे त्यांनी रेल्वेचा हिशेब मांडला. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामं करावी लागतात. वर्कशॉपमध्ये तो मदतनीसच राहतो, मिस्त्री होत नाही. विणकाम खात्याचं दुखणंही त्यांनी तिथे पुन्हा काढलं, म्हणजे दहा वर्षांनीही ते संपलेलं नव्हतं. कामगारांचे शत्रू दोन आहेत, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही, हा विचार त्यांनी याच परिषदेत मांडला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणींत उतरून त्यांनी कामगारांची स्थिती पाहिली. युद्धकाळात कोळसा कमी पडला म्हणून बायकांना भूमिगत काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली होती. या निर्णयावर कडक टीका झाली आणि ती अगदीच चुकीची होती असं आम्ही म्हणणार नाही. ही तात्पुरती गरज आहे, हे बाबासाहेबांनी सभागृहात सांगितलं, आणि एक गोष्ट ठासून सांगितली की खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी आहे. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले आणि किमान वेतनाचं बिल त्यांनी मांडलं. १९४८ साली त्याचा कायदा झाला.

पुढे घटना लिहिली गेली, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. कलम ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व आलं. ते मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे लगेच कोर्टात मागता येणारा हक्क नव्हे. पण बी पेरलं गेलं होतं. १९७६ साली समान मोबदला कायदा झाला, त्याच्या तरतुदी पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आल्या. १९८२ साली दिल्ली पोलिसांतल्या एका ड्रायव्हरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरलं, आणि २०१६ साली पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांनाही तेच काम तर तोच दाम असा निकाल दिला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी ते आपल्यातून गेले. या धम्मातही पगाराचा विचार आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. चाकराला झेपेल एवढंच काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. सम्यक आजीव म्हणजे नुसती आपली कमाई शुद्ध असणं नव्हे, आपण दुसऱ्याला काय देतो तेही त्यात आलं.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आपल्या विहाराच्या सभागृहाचा स्लॅब पडला तेव्हा घमेली वाहणाऱ्या बायकांची हजेरी पुरुष बिगाऱ्यापेक्षा कमी होती. ओझं तेच, जिना तोच, ऊनही तेच. आम्ही कंत्राटदाराला ठोक रक्कम दिली आणि कुणाला किती मिळतं ते विचारलंच नाही. पुढे वंदनेनंतर एका वयस्कर उपासिकेने भर बैठकीत हे विचारलं, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. गिरणीमालकांसारखेच आम्हीही कंत्राटदाराकडे बोट दाखवलं. त्यानंतर कुंपणाच्या भिंतीचं काम निघालं तेव्हा बाई आणि पुरुष दोघांना एकच हजेरी, अशी अट आम्ही आधी घातली आणि मगच काम दिलं. खर्च थोडा वाढला, वर्गणी थोडी जास्त काढावी लागली. कुणी नाही म्हटलं नाही.

तेव्हा बंधूभगिनींनो, आपल्या कामाच्या जागी दोन गोष्टी जरूर पाहा. तेच काम करणाऱ्या शेजाऱ्याला काय मिळतं ते एकमेकांना मोकळेपणाने सांगा, कारण पगार लपवण्यातच फरक लपतो. आणि चांगल्या दामाच्या कामावर आपल्या माणसांना, आपल्या बायकांना घेतात का, ते विचारा. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या बाबतीतही हाच हिशेब लावा. बाबासाहेबांच्या प्रतिमेला आपण हार घालतोच. त्या हाराबरोबर एवढं केलं, तर परळच्या चाळीतून निघालेला तो लढा आपल्या वस्तीत चालू राहील.

नमो बुद्धाय! जय भीम!