मायकल कॉलिन्स : आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा शिल्पकार आणि यादवीचा बळी



इतिहासाच्या पुस्तकात आयर्लंडचं नाव आपल्याला होमरूल चळवळीच्या धड्यात भेटतं. ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये इथे होमरूल लीग काढल्या, तो शब्द आयर्लंडमधूनच आलेला. पण त्याच 1916 मध्ये खुद्द आयर्लंडमध्ये काय चाललं होतं, हे पुस्तकात फारसं येत नाही. आज आपण ते एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेऊया. हा माणूस जेमतेम 31 वर्षं जगला.

मायकल कॉलिन्सचा जन्म 16 ऑक्टोबर 1890 रोजी कॉर्क परगण्यात, क्लोनाकिल्टी गावाजवळच्या एका शेतकरी घरात झाला. आठ भावंडांत हा शेंडेफळ. वडिलांनी उतारवयात लग्न केलेलं, त्यामुळे मायकल जन्मला तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. तो सहा वर्षांचा असतानाच ते गेले. गावचे शाळामास्तर आणि गावचा लोहार, या दोघांकडून त्याने जुन्या बंडांच्या गोष्टी ऐकल्या. शिक्षक म्हणून मला हे वाचताना बरं वाटतं आणि थोडी धास्तीही वाटते. आपण वर्गात सहज सांगितलेली गोष्ट कुणाच्या मनात कुठवर जाईल, सांगता येत नाही.

पंधराव्या वर्षी परीक्षा देऊन तो लंडनला पोस्टाच्या बचत बँकेत कारकून म्हणून लागला. राहायला बहीण हॅनीकडे. आता गंमत बघा, ज्या साम्राज्याला त्याने पुढे जेरीस आणलं, त्याच साम्राज्याच्या कचेरीत तो हिशेब, फायली आणि कामाची शिस्त शिकला. तिथेच 1909 मध्ये तो आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड या गुप्त संघटनेत शिरला.

1916 च्या जानेवारीत तो डब्लिनला परतला आणि एप्रिलमध्ये ईस्टरच्या सोमवारी बंड झालं. बंडखोरांनी शहरातलं मुख्य पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं आणि प्रजासत्ताक जाहीर केलं. आठवडाभरात इंग्रजांच्या तोफांनी सगळं मोडून काढलं. साडेचारशेहून जास्त माणसं मेली, त्यात निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. त्या वेळी डब्लिनच्या पुष्कळ लोकांना हे बंड आवडलं नव्हतं, बरं का. पण मग सरकारने नेत्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या. जेम्स कॉनली जखमी होता, उभं राहता येईना, तर त्याला खुर्चीला बांधून मारलं. इथे लोकांचं मन फिरलं. (आपले पुढचे राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्या काळात डब्लिनलाच कायदा शिकत होते. त्यांनाही 1916 मध्येच तो देश सोडावा लागला.)

कॉलिन्स पोस्ट ऑफिसातच लढला होता. त्याला वेल्समधल्या फ्रॉनगॉखच्या छावणीत डांबलं. डिसेंबरमध्ये सुटला तेव्हा एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की झाली होती. इमारत अडवून बसायचं आणि वीरमरण पत्करायचं, याने राज्य जात नाही.

1918 च्या निवडणुकीत शिन फेन पक्षाने आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा जिंकल्या. निवडून आलेले लोक लंडनच्या संसदेत गेलेच नाहीत. त्यांनी 21 जानेवारी 1919 रोजी डब्लिनमध्येच स्वतःची संसद भरवली. तिचं नाव डॉईल. एमन डी व्हॅलेरा हा मोठा नेता तेव्हा इंग्लंडमध्ये लिंकनच्या तुरुंगात होता. कॉलिन्स आणि त्याचा जिवलग मित्र हॅरी बोलंड यांनी फेब्रुवारीत त्याला तिथून पळवून आणलं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

कॉलिन्सकडे दोन खाती आली. अर्थमंत्री म्हणून त्याने कर्जरोखे काढून बंदी असलेल्या सरकारसाठी पैसा उभा केला. दुसरं खातं हेरगिरीचं. आयर्लंडमधली आधीची बंडं फुटली ती खबऱ्यांमुळे, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने उलटा डाव टाकला आणि पोलिसांतच आपली माणसं पेरली. एप्रिल 1919 मध्ये नेड ब्रॉय नावाच्या पोलिसाने त्याला एका रात्री चक्क पोलीस ठाण्याच्या दफ्तरखान्यात नेलं. तिथे बसून त्याने आपल्याच लोकांवरच्या फायली वाचल्या! पोलिसांकडे त्याचा धड फोटो नव्हता. अंगात चांगला सूट घालून तो सायकलवरून भर डब्लिनमधून फिरायचा.

इथवर गोष्ट रंजक वाटते. पण याच कॉलिन्सने निवडक माणसांची एक तुकडीही बनवली होती, आणि तिचं काम होतं ठार मारणं. 21 नोव्हेंबर 1920 च्या रविवारी सकाळी डब्लिनमध्ये ठिकठिकाणी घरांत आणि हॉटेलांत शिरून डझनाहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. बहुतेक इंग्रजांचे गुप्तहेर किंवा अधिकारी होते, पण सगळेच नव्हते. दुपारी सरकारी पोलिसांनी क्रोक पार्क मैदानावर फुटबॉलचा सामना पाहणाऱ्या गर्दीवर गोळीबार केला. 14 जण मेले. एक खेळाडू, आणि 10, 11 आणि 14 वर्षांची तीन मुलं. त्या मैदानाबद्दल वाचताना आपल्याला जालियनवाला बाग आठवणारच, पण सकाळची घरं विसरून नुसतं मैदान सांगितलं, तर तो इतिहास अर्धाच होतो असं मला वाटतं.

11 जुलै 1921 ला युद्धबंदी झाली. आता वाटाघाटी. लंडनला जाणार कोण? डी व्हॅलेरा अध्यक्ष असूनही स्वतः गेला नाही. कॉलिन्सला जायचं नव्हतं, त्याने तसं सांगितलंही, पण आर्थर ग्रिफिथबरोबर त्यालाच पाठवलं. समोर लॉइड जॉर्ज आणि चर्चिल यांच्यासारखे मुरलेले राजकारणी. दोन महिने घासाघीस चालली. 5 डिसेंबरला लॉइड जॉर्जने निर्वाणीचं सांगितलं, सही करा नाहीतर पुन्हा युद्ध. मध्यरात्र उलटून गेल्यावर, 6 डिसेंबरच्या पहाटे, डब्लिनला न विचारता आयरिश शिष्टमंडळाने सह्या केल्या.

करारात मिळालं काय? 26 परगण्यांना कॅनडासारखा वसाहतीचा दर्जा, स्वतःचं सैन्य, स्वतःचा कर. मिळालं नाही ते प्रजासत्ताक. शिवाय संसद सदस्याने इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची होती. उत्तरेकडचे सहा परगणे 1920 च्या कायद्याने आधीच वेगळे काढले होते, त्यांना बाहेर राहायची मुभा मिळाली.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्या. फाळणीमुळे यादवी झाली, असं पुष्कळांना वाटतं. पण डॉईलमध्ये वाद झाला तो मुख्यतः शपथेवर. ज्यांनी प्रजासत्ताकाची शपथ घेतली होती, ज्यांचे भाऊ त्यासाठी मेले होते, त्यांना राजाचं नाव तोंडाने उच्चारायचं कसं, हा खरा सल होता. कॉलिन्सचं म्हणणं वेगळं. हे अंतिम स्वातंत्र्य नाही, पण ते मिळवायची मोकळीक यात आहे. शिवाय दारूगोळा किती उरलाय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? 7 जानेवारी 1922 ला मतदान झालं. 64 बाजूने, 57 विरुद्ध. फरक फक्त सात मतांचा. डी व्हॅलेरा बाहेर पडला. हॅरी बोलंडही त्याच्या बाजूने गेला.

एप्रिलमध्ये करारविरोधी सैनिकांनी डब्लिनची फोर कोर्ट्स ही न्यायालयाची इमारत बळकावली. कॉलिन्स दोन महिने समेटाची खटपट करत राहिला. लंडनमधून दबाव वाढत गेला. शेवटी 28 जूनला त्याच्या सरकारने त्या इमारतीवर तोफा डागल्या, आणि त्या तोफा इंग्रजांकडून घेतलेल्या होत्या. स्फोटात शेजारचा दफ्तरखाना जळाला आणि शेकडो वर्षांची कागदपत्रं राख झाली. जुलैअखेर स्केरीज गावात सरकारी सैनिक हॅरी बोलंडला पकडायला गेले आणि त्यांची गोळी त्याला लागली. ऑगस्ट उजाडताच तो गेला. 12 ऑगस्टला ग्रिफिथ आजाराने वारला.

कॉलिन्स आता सरसेनापती होता. 22 ऑगस्टला तो आपल्याच कॉर्क परगण्यात दौऱ्यावर निघाला. सकाळी त्याचा ताफा बेल ना ब्लॉ या ठिकाणाहून गेला, तेव्हा विरोधकांनी त्याला ओळखलं आणि परतीच्या वाटेवर दबा धरला. दिवसभर वाट बघून त्यातले बरेचजण संध्याकाळी उठून गेले होते. उरलेल्या थोड्यांनी गोळ्या झाडल्या. सोबतच्या अधिकाऱ्याने गाडी सुसाट पुढे काढायला सांगितलं, कॉलिन्सने थांबवून लढायला सांगितलं. अर्ध्या तासाच्या चकमकीत त्याच्या ताफ्यातला एकच माणूस मेला. तो स्वतः. डोक्यात गोळी लागली होती. किटी किअर्नन या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं होतं.

त्याच्या मागे युद्ध जास्तच कडवट झालं. नव्या सरकारने 70 हून अधिक कैद्यांना गोळ्या घातल्या. इंग्रजांनी 1916 मध्ये मारले त्याच्या कितीतरी पट! मे 1923 मध्ये विरोधकांनी शस्त्रं खाली ठेवली. डी व्हॅलेराने 1926 मध्ये फियाना फॉल हा पक्ष काढला, करार मानणाऱ्यांचा पुढे फिन गेल झाला. कित्येक घरांत मतं बापाकडून मुलाकडे गेली, शेतीसारखी. शपथ 1933 मध्ये डी व्हॅलेरानेच रद्द केली, एकही गोळी न झाडता, त्याच कराराने मिळालेल्या संसदेत. 1949 मध्ये आयर्लंड पूर्ण प्रजासत्ताक झालं.

ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत कॉलिन्सच्या कबरीवर क्रॉस उभा राहायला 1939 साल उजाडलं. तेव्हा सरकार डी व्हॅलेराचं होतं. फियाना फॉल आणि फिन गेल एकाच मंत्रिमंडळात पहिल्यांदा बसले ते 2020 मध्ये. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2022 मध्ये, बेल ना ब्लॉच्या शताब्दीच्या कार्यक्रमात दोन्ही पक्षांचे नेते एकाच व्यासपीठावरून बोलले.