सगळ्यांचे जॉन चाचा : डेव्हिड

हॉस्टेलवर ज्याने 'गोलमाल' पाहिला नाही असा मुलगा शोधून सापडणार नाही. त्यात अमोल पालेकरला मुलाखतीला जाताना कसं वागायचं, काय घालायचं हे पढवणारे ते बुटके, टकले, हसतमुख डॉक्टर मामा आठवतात? पडद्यावर त्यांचं नाव नुसतं 'डेव्हिड' असं यायचं. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. होय, चेऊलकर! हा माणूस आपल्या महाराष्ट्राचा, मराठी घरातला आणि धर्माने ज्यू होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आपल्याकडे रहिमतपूरचा तो रहिमतपूरकर, तसा अलिबागजवळच्या चौलचा तो चेऊलकर. कोकणातल्या या ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज इथे आले असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिलं. देव वेगळा, पण घरातली भाषा मराठीच.

डेव्हिड यांचा जन्म १९०८ सालचा. १९३० मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. त्या काळात बी.ए. म्हणजे केवढी मोठी गोष्ट! पण नोकरी काही मिळेना. एक नाही, दोन नाही, तब्बल सहा वर्षं अशीच गेली. इथे कॅम्पस इंटरव्ह्यूत एकदा नाव आलं नाही की आपण दोन दिवस मेसला जेवायला जात नाही. तेव्हा त्या सहा वर्षांचा जरा विचार करून बघा. शेवटी नयमपल्ली नावाच्या नट मित्राच्या मदतीने ते सिनेमात शिरले आणि १९३७ च्या 'झँबो'मध्ये त्यांना पहिलं काम मिळालं. पुढे त्यांनी वकिलीची पदवीही घेतली, पण रमले ते सिनेमातच.

उंची कमी, डोक्यावर केस नाहीत, तेव्हा हिरो होणं शक्यच नव्हतं. ते त्याबद्दल कुढत बसले नाहीत. काका, मामा, डॉक्टर, शेजारी असं मिळेल ते काम मन लावून करत चाळीसहून अधिक वर्षांत त्यांनी शंभरावर चित्रपट केले. 'चुपके चुपके'मध्ये ते आहेत, 'बातों बातों में'मधले अंकल टॉमही तेच. एका प्रामाणिक इंजिनीअरची गोष्ट सांगणाऱ्या 'सत्यकाम'मध्येही (१९६९) ते दिसतात. तो आपण सर्वांनी एकदा तरी बघावाच!

पण त्यांचं नाव कायमचं कोरलं गेलं ते राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सच्या 'बूट पॉलिश'मुळे (१९५४). त्यातला जॉन चाचा लंगडा आहे आणि चोरून दारू विकतो. म्हणजे स्वतः काही संत नव्हे. तरीही झोपडपट्टीतल्या दोन पोरक्या भावंडांना तो एकच धडा देतो, की भीक मागू नका, हाताने काम करून खा. सहा वर्षं कामासाठी वणवण केलेल्या माणसाने ही भूमिका केली, म्हणूनच ती इतकी खरी वाटते. तिच्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. १९६९ मध्ये ते पद्मश्री झाले.

सिनेमापलीकडेही त्यांचा व्याप मोठा होता. वेटलिफ्टिंगच्या संघटनेत त्यांनी काम केलं. समारंभाचं सूत्रसंचालन करावं तर डेव्हिडनीच, असा त्यांचा लौकिक होता.

गंमत म्हणजे जन्मभर पडद्यावर सगळ्यांचा काका झालेल्या या माणसाने स्वतः लग्न केलं नाही. १९८० नंतर थोड्याच काळात, सत्तरी ओलांडलेली असताना, दूर कॅनडात टोरंटोला त्यांचं निधन झालं. इकडे मात्र ज्यांचे ते कोणीच लागत नव्हते अशा कितीतरी घरांना आपला चाचा गेल्याचं दुःख झालं.

छोट्या भूमिकेत राहूनही माणूस मोठा होतो, फक्त ती भूमिका मनापासून करावी लागते. प्लेसमेंटच्या यादीत आपलं नाव शोधताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.