चवदार तळे ते दामोदर खोरे : नद्यांचा विचार करणारे बाबासाहेब

बाबासाहेबांचा फोटो आपल्या घराघरांत आहे. निळा कोट, हातात संविधान. पण धरणांच्या आराखड्यांवर अभियंत्यांशी तासन् तास चर्चा करणारे बाबासाहेब आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? त्यांच्या आयुष्यातील त्या चार वर्षांबद्दल आपण फार कमी बोलतो.

साताऱ्याच्या शाळेत शिपाई हजर नसला की लहानग्या भीमरावांना तहानलेलेच राहावे लागे. नळाला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून त्यांनी माणूस म्हणून आपला हक्क जगासमोर मांडला. पुढे पंधराच वर्षांनी याच माणसाच्या हाती देशाच्या नद्यांचा कारभार आला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. बंधारे फुटले, रेल्वे आणि रस्ते तुटले, कलकत्ता उर्वरित देशापासून अलग पडले. तोवर पूर आला की बंधारा उंच करायचा, एवढाच उपाय ठरलेला होता. बाबासाहेबांनी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या प्रयोगाचा अभ्यास केला आणि वेगळा विचार मांडला. नदी ही एका प्रांताची नसते. तिच्या संपूर्ण खोऱ्याची योजना एकत्र झाली पाहिजे आणि एकाच धरणातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक साधली पाहिजे. जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात बंगाल आणि बिहार या दोन्ही प्रांतांना एका टेबलाशी बसवले. नोव्हेंबरमध्ये कटकला ओडिशातील नद्यांवर परिषद घेतली. त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तेथे आहे. दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली उभे राहिले. महानदीवरील हिराकूड धरणाचे उद्घाटन जानेवारी १९५७ मध्ये झाले, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या महिन्याभराने.

हे सारे अचानक सुचलेले नव्हते. १९१८ सालच्या शेतीवरील निबंधातच त्यांनी दाखवून दिले होते की, जमिनीवर रिकाम्या हातांची गर्दी झाली आहे आणि त्यावर उद्योगधंदे हाच उपाय आहे. उद्योगांना स्वस्त वीज हवी, ती धरणातून मिळेल, हा त्याचाच पुढचा टप्पा होता. यंत्रांना दोष देणाऱ्या विचारालाही त्यांनी १९४५ मध्ये सडेतोड उत्तर दिले. दोष यंत्राचा नसून त्याचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. पिढ्यान् पिढ्या ढोरमेहनत केलेल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या इतिहासाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. दामोदरच्या मूळ आराखड्यात आठ धरणे होती, महामंडळाने चारच बांधली. हिराकूडने हजारो कुटुंबांचे गाव आणि जमीन बुडवली, आणि अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. धरण बांधणे हे अभियंत्याचे काम. त्याचे पाणी कोणाच्या शेतात जाते आणि घर कोणाचे बुडते, हा मात्र न्यायाचा प्रश्न आहे.

आज आपली हजारो मुले-मुली अभियंते आहेत. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. तरीही याच देशात गटारे साफ करणारी यंत्रे उपलब्ध असताना माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. २०१३ चा कायदा त्याला मनाई करतो. म्हणजे यंत्रही आहे आणि कायदाही आहे. नाही ती इच्छा, कारण गटारात उतरणारा कोणत्या जातीचा हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या अभियंत्यांनी चांगली नोकरी जरूर करावी, पण हा प्रश्न आपला मानावा. नगरपालिकेला जाब विचारावा, यंत्र का वापरले जात नाही याचा पाठपुरावा करावा. बाबासाहेबांच्या त्या चार वर्षांना याहून चांगले अभिवादन आम्हाला दिसत नाही.

जय भीम!